वाळू नको, समुद्रफेन आण

चि. बाळास,



तुझं पत्र पोचलं. लव्हबर्डची जोडी घरात आल्यापासून शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून तू पिंजऱ्याशी बसतोस, असं वहिनीनं फोनवर सांगितलंच होतं. तू विचारलंस, पैनगंगेची वाळू चाळून, धुऊन पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये पसरू का, की दुकानातलं ग्रिटचं, म्हणजे बारीक खड्यांचं, पाकीट आणू? माझं उत्तर आहे, दोन्ही नको. पण नुसतं नको म्हटल्यानं तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते मला कळतं. आजीच्या कोंबड्या अंगणात दाण्याबरोबर खडेही वेचतात, ते तू रोज बघतोस. कोंबडी कापली की पोटा चिरताना कधी जवळ बसून बघ. आतून पिवळट, जाड, सुरकुतलेलं कातडं असतं आणि दाण्यांच्या लगद्यात घासून गुळगुळीत झालेले बारीक खडे सापडतात. कोंबडीला दात नाहीत, ज्वारीचा दाणा ती अख्खा गिळते, त्यामुळे दळण सगळं पोटात होतं. ते खडे म्हणजे तिचं जातं. कबुतराचंही तसंच. त्यांना खडे लागतात, यात तुझं काही चुकलं नाही.

आता तुझ्या पाखरांकडे बघ. त्यांना सगळे लव्हबर्ड म्हणत असले तरी ती बजरीगर, ऑस्ट्रेलियातल्या छोट्या पोपटांची जात. वाटीत राळे टाक आणि पिंजऱ्याला नाक लावून बस. दाणा जिभेनं वरच्या चोचीच्या खाचेत जातो, तिथे फिरतो, खालच्या चोचीची धार टरफल फोडते, फोलपट बाहेर पडतं आणि सोललेला दाणा आत जातो. हे इतकं झटकन होतं की पापणी लवली तर हुकेल. सोललेला मऊ दाणा दळायला पोटातले स्नायू पुरतात, खड्यांची गरज राहत नाही.

(ती फोलपटं वाटीत वरच साचतात आणि वाटी भरलेली दिसते. पाखरू उपाशी असतं आणि घरचे म्हणतात, दाणा तर आहे! रोज सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून फोलपटं उडव आणि मगच वाटी भरलेली आहे की रिकामी ते ठरव. आईलाही हे सांगून ठेव.)

गरज नाही, तरी दिली वाळू तर काय बिघडलं, असं तू विचारशील. धडधाकट पाखराचं कदाचित काहीच बिघडणार नाही. पण आजारी पडलेलं किंवा अंगात खनिजं कमी झालेलं पाखरू वाळू अधाशासारखी खात सुटतं. ती विरघळत नाही, पोटात साठून वाट बंद करते. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव तो, त्याला सहन करायला अंगात असतं किती? शिवाय नदीच्या वाळूत काय काय मिसळलेलं असतं ते धुऊन कळत नाही. ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाल आणि रोज बदल. विष्ठेचा रंग बदलला तर कागदावर लगेच दिसतो, वाळूत दिसत नाही.

मात्र काहीतरी वेगळं द्यायला हवं, हा तुझा विचार मला फार आवडला. नुसत्या दाण्यावर ही पाखरं खरोखर झिजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली जे तक्ते छापले, त्यांत बाजरीत 100 ग्रॅममागे कॅल्शियम जेमतेम 27 मिलिग्रॅम आहे, नाचणीत 364. दाण्यात फॉस्फरस मात्र भरपूर असतो आणि तो शरीराला कॅल्शियम लागू देत नाही. म्हणून राळे-बाजरीत थोडी नाचणी मिसळ. शेवग्याचा पाला धुऊन पिंजऱ्याला अडकव. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

आणि समुद्रफेन आण. समुद्रातल्या माकळाच्या पाठीतली ती पांढरी, हलकी ढलपी, जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेटची. आपल्याकडे समुद्र नाही, पण काष्ठौषधीच्या दुकानात तो मिळतो. भुकटी घेऊ नको, औषधासाठी शुद्ध केलेला नको, अख्खा तुकडाच माग. एक बाजू कठीण असते आणि दुसरी नखानं ओरखडा उठेल इतकी मऊ. ती मऊ बाजू पाखरांकडे करून तारेनं बांध. लागेल तेवढं ती आपणहून कुरतडतात आणि ते पोटात विरघळतं, वाळूसारखं साठत नाही. तो मिळेपर्यंत अंड्याचं टरफल दहा मिनिटं उकळून, वाळवून, कुटून छोट्या वाटीत ठेव. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुना मात्र अजिबात नको, त्यानं चोचीच्या आत भाजतं. दूधही नको, पाखरांना ते पचत नाही.

दुसरी उणीव आयोडीनची. दाण्यावरच वाढलेल्या बजरीगरला गलगंड होतो. तो आपल्यासारखा गळ्यावर दिसत नाही, छातीच्या आत फुगून श्वासनळी दाबतो. पाखरू श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा किंवा टिकटिक आवाज येऊ लागला, किंवा खाल्लेला दाणा ओकू लागलं, तर पशुवैद्यांना दाखवायचं. आयोडीनचे थेंब त्यांनी सांगितले तरच आणि सांगितले तेवढेच. दुकानातल्या गुलाबी ब्लॉकवर विसंबू नको, त्यातल्या कित्येकांत मुख्यतः प्लास्टरच असतं.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, लागणारे किरण काच अडवते. पिंजरा सकाळच्या कोवळ्या उन्हात ओसरीवर ठेव, अर्ध्यावर सावली राहील असा, आणि मांजर येतं म्हणून तू तिथून हलू नको. उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन चढायच्या आत पिंजरा आत घे.

हे सगळं मी इतकं लावून धरते ते मादीसाठी. जिच्या नाकावरची पट्टी तपकिरी झाली आहे, ती मादी. अंडी घालायच्या आधी ती आपल्या हाडांत कॅल्शियम साठवते आणि कवचाला तेच काढून वापरते. एका वेळी चार-सहा अंडी, साधारण एक दिवसाआड एक. साठा नसेल तर कवच मऊ होतं, अंडं आत अडकतं आणि मादी बघता बघता जाते. म्हणून समुद्रफेन लागून काही आठवडे होईपर्यंत पिंजऱ्यात घरट्याचं मडकं टांगू नको, कोणी कितीही आग्रह केला तरी. मडकं नसतानाही मादी खाली ट्रेमध्ये पिसं फुलवून बसली, शेपटी वरखाली करत कुंथत असली, तर उद्यावर टाकू नको. पिंजऱ्याला ऊब दे आणि दादाला म्हणावं, त्याच दिवशी उमरखेडला दवाखान्यात चल. तिथून पुढे पाठवलं तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघताना मला फोन कर, रात्र असली तरी कर.

तुझी,
आत्या