चौकोनी खड्डा

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर गावातले खड्डे बुजवायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत ठरलेली होती. ट्रॅक्टरमधून डांबर लावलेली खडी आणायची, घमेल्यानं खड्ड्यात ओतायची, फावड्याच्या पाठीनं चोपायची आणि पुढं सरकायचं. मोजमाप पुस्तकात मी नोंद केली, सही केली. आठवड्याभरात शाळेसमोरचा खड्डा पुन्हा उघडला. एक शिक्षिका मोपेडवरून त्यात पडल्या. मनगट मोडलं. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण त्या खड्ड्याची नोंद माझ्याच अक्षरात होती.

पुढच्या वर्षी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. खड्डा बुजवण्याचंही शास्त्र असतं आणि इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी आयआरसी ८२ नावाची संहिता आहे, हे मला तिथं कळलं. खड्डा बुजवण्याआधी तो मोठा करायचा असतो! कडेचा सैल भाग काढत घट्ट रस्ता लागेपर्यंत चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. वेड्यावाकड्या खड्ड्यात कडेचा थर पापडासारखा पातळ होतो, चाकाखाली तुटतो आणि तिथूनच पाणी आत शिरतं. मग धूळ आणि पाणी काढायचं, तळाला आणि कडांना डांबराचा हलका हात द्यायचा. धूळ राहिली तर डांबर धुळीला चिकटतं, रस्त्याला नाही. खोल खड्डा थराथरानं भरायचा आणि प्रत्येक थर दाबायचा. शेवटचा थर किंचित वर ठेवायचा, म्हणजे वाहतुकीनं तो बसतो.

प्रमाणपत्र घेऊन परत आलो आणि उत्साहानं सगळं मुकादमांना सांगितलं. तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, चौकोन कापायचा तर दिवसाला चार खड्डे होतील. संध्याकाळी तुम्हीच विचारता, आज किती झाले? सांगा, कुठलं ऐकू?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन दिवसांत हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. प्रशिक्षण मला मिळालं होतं, पण फावडं त्यांच्या हातात होतं, आणि त्यांच्या कामाचं माप मी आकड्यात धरत होतो.

शेवटी आम्ही एकाच रस्त्यावर दोन खड्डे निवडले. एक नेहमीसारखा बुजवला. दुसरा छिन्नी-हातोड्यानं चौकोनी कापला, झाडला आणि धुमसानं थर दाबत भरला. पावसाळाभर सगळे बिगारी जाता-येता दोन्हीकडे बघत होते. पहिला तीनदा भरावा लागला. दुसरा दिवाळीतही जागेवर होता. त्यानंतर चौकोन का कापायचा, हे मला कुणाला समजवावं लागलं नाही. नव्या पोराला जुना बिगारीच सांगायचा.

आकड्याची सवय मोडणं जास्त अवघड गेलं. मी वहीत आणखी एक रकाना आखला: महिन्यानं पाहणी. वरिष्ठांना पहिल्या महिन्यात कमी आकडा दिसला आणि मला बोलणी खावी लागली. पुढच्या पावसाळ्यात तेच तेच खड्डे पुन्हा भरावे लागेनात, तेव्हा बोलणी थांबली.

त्या रकान्यानं मलाही शिकवलं. एक चौकोनी खड्डा सारखा उखडत होता. तात्या माझ्याबरोबर आले, खड्ड्याकडे न बघता सरळ गटारापाशी गेले. गटार तुंबलेलं होतं आणि पाणी रस्त्याखालून येत होतं. "आधी पाण्याला वाट द्या साहेब, मग डांबर," म्हणाले. गटार माझ्या कामात धरलेलंच नव्हतं. ते आरोग्य खात्याचं. दोन टेबलं फिरून ते साफ करून घेतलं, तेव्हा तो खड्डा टिकला.

आता मी निवृत्त आहे. माझं प्रमाणपत्र कपाटात आहे. तात्या कधीच प्रशिक्षणाला गेले नाहीत. मुकादमांना पाठवायची पद्धतच नव्हती. मी तशी शिफारस दोनदा लिहिली, पण ती जोर लावून मागितली नाही. शाळेसमोरून जाताना मला ते अजून आठवतं.