क्षमा आणि किल्ली



आमच्या अमडापुरात हरिपाठ आटोपला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो: महाराजच चुकले, तर वारकऱ्याने पोटात घालावे की जाब विचारावा? मला याचे उत्तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात मिळाले.

मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. देवाचा हार चोरल्याचा आळ घेऊन बडव्यांनी त्यांना मारले, असे परंपरा सांगते. चोखोबांनी सूड घेतला नाही, पण मुकाट सोसलेही नाही. अभंगातून त्यांनी विठोबापुढे गाऱ्हाणे मांडले. संताने अन्याय झाकला नाही, हे ध्यानात घ्या.

पुढे १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरीचे दार दलितांना उघडले. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पण दर्शन कोणाचे बंद झाले? बडवेही विठोबाला भेटू शकतात. गेली ती सत्ता.

माउली, क्षमा ज्याला लागले त्याने करायची. आपण त्याच्या वतीने ती वाटू नये. पस्तावलेल्याच्या हाती टाळ जरूर द्यावा. दानपेटीची किल्ली आणि लेकरांची संथा मात्र देऊ नये. आणि लेकराच्या अंगाला हात लागला असेल, तर गावात मिटवू नका, पोलिसांत कळवा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे.

झाकल्याने संप्रदायाची अब्रू राहत नाही. ती राहते लेकरू मंदिरात निर्धास्त बसले की.