राणीचे पुस्तक आणि मजुराची बायको

आम्ही दोघी जावा. रात्री भांडी आटोपली की अर्धा तास मोबाईलवर इंग्लंडच्या जुन्या राण्यांवरची भाषणे ऐकतो. वस्तीत हे सगळ्यांना कळले आहे. "जयभीमवाल्यांच्या सुना, आणि नाद कसला तर राजेरजवाड्यांचा!" अशी थट्टाही होते.

पण हा नाद लागला तो बाबासाहेबांच्या घरामुळे. १९२१-२२ साली बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक झाले. त्या रस्त्याचे नाव किंग हेन्रीज रोड. धाकटीची मुलगी कॉलेजात जाते. तिने विचारले, हा हेन्री कोण? शोधता शोधता सहा लग्ने करणारा आठवा हेन्री हाती लागला. पुढे कळले की रस्ता त्याचा नव्हेच. तिथली जमीन ईटन कॉलेजची, आणि ते कॉलेज काढणारा हेन्री सहावा. पण चूक कळेपर्यंत आम्ही आठव्याच्या राण्यांत पुरत्या अडकलो होतो! भाषणे इंग्रजीत असतात, मुलगी थांबवून थांबवून सांगते.

बहुतेक भाषणे मुंडकी मोजण्यात संपतात. दोघींशी लग्न मोडले, दोघींचा शिरच्छेद केला, एक बाळंतपणात गेली. मुलगा हवा म्हणून हा सारा खटाटोप. आणि त्याचीच नकोशी मुलगी एलिझाबेथ पुढे १५५८ पासून १६०३ पर्यंत राज्य करून गेली. हे ऐकून आमच्या सासूबाई मनापासून हसल्या.

आम्हाला मात्र सहावीने धरून ठेवले. तिचे नाव कॅथरीन पार. २०२३ साली तिच्यावर 'फायरब्रँड' नावाचा सिनेमाही आला. राजाशी तिचे लग्न झाले १५४३ साली. १५४५ साली तिने प्रार्थनांचे एक पुस्तक छापले. इंग्लंडच्या राणीने स्वतःच्या नावावर इंग्रजीत छापलेले ते पहिले पुस्तक. आम्ही कौतुकाने हे सांगत होतो. सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "राणीनं लिवलं, ते बरंच झालं. पर तिकडच्या मजुराच्या बायकूला वाचू देत व्हते का?"

आम्ही गप्प झालो. हा प्रश्न कुठल्याच भाषणात आला नव्हता. मुलीने चार दिवस शोध घेतला, तेव्हा सापडले. ज्या १५४३ साली राणीचे लग्न झाले, त्याच साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला होता की, कारागीर, उमेदवार, रोजंदार, शेतकरी, मजूर, नोकर आणि बायका यांनी इंग्रजी बायबल वाचायचे नाही. बड्या घरच्या बायकांना तेवढी सूट, तीही एकटीने स्वतःपुरते वाचायची. दुसऱ्याला वाचून दाखवायचे नाही! म्हणजे राणीला मुभा, मजुराच्या बायकोला बंदी. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती का जाळली, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण गोऱ्यांच्या देशातही असले कलम होते, हे आम्हाला नवे होते. तो कायदा राजा मेल्यावर १५४७ साली रद्द झाला.

मग आम्हाला अ‍ॅन अ‍ॅस्क्यू भेटली. राणी नव्हे, पण बऱ्या घरची, नवऱ्याने घराबाहेर काढलेली. प्रार्थनेतली भाकरी ही भाकरीच आहे, देवाचे शरीर नव्हे, असे ती उघड म्हणे. राणीच्या भोवतालच्या बायकांची नावे सांग म्हणून १५४६ साली टॉवरच्या तुरुंगात तिचे हातपाय यंत्राला बांधून ताणले. तिने स्वतः लिहून ठेवले आहे की, राजाच्या दोघा मंत्र्यांनी आपल्या हातांनी ते यंत्र चालवले. तिने एकीचेही नाव सांगितले नाही. १६ जुलैला तिला जिवंत जाळले. पायांनी चालवत नव्हते म्हणून खुर्चीत बसवून नेले. "खुर्चीत?" सासूबाईंनी दोनदा विचारले.

त्याच सुमारास राणीलाही धरायचे ठरले होते. फॉक्स नावाच्या लेखकाने पुढे लिहिले आहे की, तिला आधी सुगावा लागला. ती राजाकडे गेली आणि म्हणाली, मी वाद घालते तो तुमच्याकडून शिकण्यासाठी, तुमच्या पायाचे दुखणे विसरावे म्हणून. राजा विरघळला, ती वाचली. यावर आम्हा दोघींचे भांडण झाले. मोठी म्हणते, ही शरणागती. धाकटी म्हणते, मुंडके शाबूत राहिले तरच पुढचे पुस्तक लिहून होते. आणि ते झालेही. राजा जानेवारी १५४७ मध्ये मेला आणि नोव्हेंबरात तिचे दुसरे पुस्तक बाहेर आले. सासूबाई मोठीच्या बाजूच्या आहेत. जिला खुर्चीत नेली ती खरी, असे त्यांचे म्हणणे.

राणीने नंतर टॉमस सिमूरशी लग्न केले. १५४८ साली मुलगी झाली, नाव मेरी, आणि आठवड्याभरातच राणी गेली. पुढच्या वर्षी बापाचाही शिरच्छेद झाला. पोर एका सरदारणीकडे ठेवली, तर तिने खर्च परवडत नसल्याच्या तक्रारी लिहिल्या. १५५० नंतर त्या मुलीचे नाव कुठल्याच कागदात सापडत नाही. भाषण लावले की सासूबाई आधी तेच विचारतात, "त्या पोरीचं कळलं का गं काही?"