सुभेदाराची ढेप

सुभेदार आमच्याकडे आला तो पुण्याच्या फ्लॅटमधून, चांगला वाढलेला बोका होऊन. पुतण्याची बदली बंगळुरूला झाली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून याची रवानगी बार्शीटाकळीला. आमचं घर माळकरी. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकत नाही, उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. अशा घरात मांजर ठेवायचं म्हणजे दूध-पोळीवर, आणि बाकीचं त्यानं धान्याच्या कोठीपाशी स्वतः कमवायचं, ही इकडची रीत.

पण सुभेदार आपला शिधा घेऊनच आला होता. तपकिरी, चांदणीच्या आकाराचे कडक दाणे. वाटीत ओतले की खडखड वाजत. आईनं एक दाणा उचलून हुंगला.

“कायची ढेप हाये हे? मांजर हाये का म्हैस?”

वऱ्हाडात सरकीची ढेप गोठ्यात असते. तेव्हापासून आमच्या घरी कॅट फूडला ढेपच म्हणतात, आणि आता दुकानातही तोंडातून तेच निघून जातं.

सुभेदार रुबाबदार होता. अंगानं भरलेला, पिवळ्या पट्ट्यांचा, मिशा थेट दोन्ही बाजूंना ताणलेल्या. गल्लीतल्या बोक्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा रुबाब उतरवला, तो भाग वेगळा. उंदराचं त्याला काडीचं सोयरसुतक नव्हतं. एकदा कोठीमागून उंदीर निघाला आणि याच्या शेपटीजवळून गेला. यानं मान वळवून पाहिलं, जांभई दिली. आई म्हणाली, “पेन्शनवर हाये तो.”

उन्हाळा आला. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बार्शीटाकळीतही दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सुभेदार दिवसभर कूलरखाली पडून असे आणि कूलरमधून ठिबकणारं पाणी पंजावर घेऊन चाटत बसे. आम्हाला वाटे, पाणी पितोय भरपूर. ते भरपूर नव्हतं. घरातलं मांजर मूळचं आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराच्या वंशातलं. त्या मुलखात पाणी मिळायचं ते शिकारीच्या अंगातून, कारण उंदराच्या शरीरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान अशी फारशी लागतच नाही. ढेपेत पाणी जेमतेम दहा टक्के. उरलेलं त्यानं वाटीतून पिऊन भरून काढायचं, आणि तेवढं ते पीत नाही.

एका रात्री तो तसराळ्यातल्या मातीत जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. मग न्हाणीत. मग माझ्या धोतराच्या घडीवर. प्रत्येक वेळी तीच मुद्रा, पाठ कमानीसारखी, डोळे बारीक, आणि खाली काहीच नाही. आईला वाटलं, बद्धकोष्ठ. पहाटे तो ओरडला. मांजराचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. ऑटो करून अकोला गाठलं, वीसेक किलोमीटर, तो पिशवीत आणि पिशवी माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी पोटाखाली हात लावला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. मूत्राशय कच्च्या लिंबासारखं टणक लागलं. लघवीत बारीक खडे धरले होते. बोक्याची लघवीची वाट मांजरीपेक्षा अरुंद असते, म्हणून ती तुंबते. दोन दिवस तुंबलेली राहिली तर बोका जातो. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाइन लावलं, काही दिवस तिथं ये-जा झाली.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, की याच्या खाण्यात पाणी गेलं पाहिजे. ओलं खाणं द्या. ओल्या खाण्याची पाकिटं बार्शीटाकळीत मिळत नव्हती, अकोल्याहून आणायची तर रोजचा खर्च माझ्या पेन्शनला झेपणारा नव्हता. उरलं मांस.

हे आईला कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. तिनं ऐकून घेतलं. थोडा वेळ माळ ओढली.

“वाघाले कोनी भाकर चारते का? दे त्याले. मले दिसू नको देऊ म्हंजे झालं.”

सोय शेजारच्या खालांनी केली. त्यांच्या फ्रीजरमध्ये एक डबा सुभेदाराच्या नावाचा. मागच्या आंगणात निंबाखाली एक फरशी, एक सुरी, एक जर्मनची ताटली. त्या ताटलीनं स्वयंपाकघर कधी पाहिलं नाही. आई “मांस” हा शब्द उच्चारत नसे. “त्याचं सामान आलं का?” एवढंच.

सामान आलं, पण सुभेदार खाईना. कोंबडीचा ताजा तुकडा पुढं ठेवला. त्यानं नाक एका बोटाच्या अंतरावर आणलं, मागं घेतलं, आणि पुढच्या पंजानं फरशी खरवडायला लागला, डावीकडून, उजवीकडून, अगदी मन लावून. विष्ठेवर माती लोटतात तसं तो त्या तुकड्यावर नसलेली माती लोटत होता. खाला हसून हसून ओट्यावर बसल्या. मांसाहारी प्राण्याला मांस हे अन्न आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत न्यू जर्सीच्या भाचीचा फोन आला. तिच्याकडे दोन फेरेट. फेरेट म्हणजे चणीनं मुंगसासारखा, नात्यानं मुंगसाचा कोणी नाही, युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला, पूर्वी सशांच्या बिळात सोडायला पाळत. (मुंगूस पाळायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर सोडा, आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.) ती म्हणाली, “मामा, माझ्याकडेही हेच रडगाणं आहे.” फेरेटचं आतडं आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, धान्य-कडधान्य पचवायला सवडच नाही. तरी दुकानातून येतात ते दाण्यांवर वाढलेले. पहिल्या काही महिन्यांत ज्याचा वास ओळखीचा झाला तेच अन्न, बाकी सगळं माती. अमेरिकेतल्या पाळीव फेरेटना स्वादुपिंडाच्या गाठी फार होतात. त्याचा संबंध काही जण पिष्टमय दाण्यांशी जोडतात, पण ते सिद्ध झालेलं नाही, हेही तिनंच सांगितलं. भाची अर्धवट ऐकीव गोष्टी सांगणाऱ्यांतली नाही.

तिची युक्ती अशी: दाणे कोमट पाण्यात भिजवून त्यांचं सरबरीत पिठलं करायचं, त्यात मांस वाटून नखभर घालायचं, बोटावर घेऊन चाटवायचं. रोज मांस कणभर वाढवायचं, दाणे कमी करायचे. शेवटी पिठल्यात तुकडे, मग नुसते तुकडे. “आणि एक लक्षात ठेव, उपाशी ठेवून नमवायला जाऊ नकोस.” हे तिनं फेरेटबद्दल सांगितलं, पण मांजराला ते जास्तच लागू. धष्टपुष्ट मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृतच बसतं. भूक लागली की खाईल, हा हिशेब त्याच्याशी करता येत नाही.

मी बदल केला तो इतकाच, की दाणे कुटून त्याची पूड मांसावर भुरभुरवली, चिवड्यावर पिठीसाखर टाकतात तशी. सुभेदार पूड चाटायचा, तिच्यासोबत चिकटलेला रस जायचा. तुकडा फ्रीजमधला गार असला की त्याला शिवायचा नाही. कोमट पाण्यात बुडवून उंदराच्या अंगाइतका ऊन केला की नाक पुढं यायचं. मग एका सकाळी तुकड्याचा कोपरा दाढेखाली गेला. मान तिरकी झाली, कान मागं पडले, आणि घशातून बारीक गुरगुर निघाली. ती गुरगुर माझ्यासाठी होती. याच माणसाच्या हातचं इतके दिवस खाल्लं, आणि आता मीच चोर!

नुसतं मांस टाकलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. तसंच चालू ठेवलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. म्हणून कोंबडीची हाडासकट मान. खालांनी बजावलं होतं, “कच्ची देना भाईजान, पकी हड्डी मत देना.” बरोबरच आहे, शिजलेलं हाड फुटून सुईसारखं होतं. कलेजी थोडीच, कारण अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी हाडं धरतात. काळीज मात्र हवंच. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला अन्नातूनच घ्यावं लागतं. ते कमी पडलं की काळजाचे स्नायू सैल होतात, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या मंडळींनी 1987 साली दाखवलं, आणि त्यानंतर पाकिटातल्या खाण्यातही टॉरिन वाढवलं गेलं. त्यामुळे ढेपेला मी सरसकट शिव्या देत नाही. ती मोजूनमापून केलेली असते. घरचं मांस मोजलं नाही तर ढेप परवडली.

सुभेदार बारीक झाला, चपळ झाला. लघवी पुन्हा तुंबली नाही. उंदीर मारायला लागला आणि पहिला उंदीर आणून ठेवला तो आईच्या पोथीच्या चौरंगापाशी. आईनं तो दिवस उपवास केला, पण बोक्याला बोलली नाही.

कच्च्याचा अध्याय संपला तो नागपूरमुळे. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, बर्ड फ्लू. संशय कोंबडीच्या मांसावर गेला. पाठोपाठ सातपुड्यातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तोच विषाणू सापडला. गोठवण्यानं तो मरत नाही, शिजवण्यानं मरतो. मी त्याच दिवशी निंबाखाली चूल मांडली. बिनहाडाचं मांस शिजवायचं, आणि टॉरिन पाण्यात उतरतं म्हणून ते पाणी फेकायचं नाही, त्यातच कालवून द्यायचं. हाडाऐवजी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पूड. पाणी पोटात जाण्याशी मतलब, ते रश्शातून जास्तच जात होतं. कच्चंच दिलं पाहिजे असा हट्ट धरणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचं मांजर त्यांना लखलाभ, मी वाघ मेलेले पाहून शहाणा झालो.

सुभेदारानं या वेळी फरशी खरवडली नाही. शिजलेलंही मुकाट खाल्लं. गेल्या पावसाळ्यात तो गेला, मूत्रपिंडं थकली होती, वयही झालं होतं. निंबाजवळच पुरला. आईनं खालांच्या फ्रीजरमधला त्याचा डबा आठवडाभर परत मागितला नाही.

घरात बोका असेल आणि तो कोरड्या दाण्यांवर असेल, तर त्याचं तसराळं रोज बघत जा. दोन-तीनदा बसून कोरडाच उठला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. बद्धकोष्ठ म्हणून एरंडेल पाजू नका. तडक डॉक्टर गाठा.