जिवाच्या मापाचा कप्पा

सापाला घरात जागा करून द्यायची, तर काचेची पेटी आणून भागत नाही. ती पेटी कशावर तरी ठेवावी लागते. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, की दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली जमीन संपते आणि नजर भिंतीवर चढते. मग लोखंडी रॅक येतो. भोकाभोकांचा अँगल, पत्र्याचे कप्पे, नटबोल्ट आणि एक पाना. औषधाच्या दुकानात, ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, किराणा मालाच्या गोदामात असतो तोच. तो स्वस्त आहे म्हणून मला आवडतोच, पण त्याचा खरा गुण दुसरा आहे. तो हट्ट धरत नाही. बोल्ट सैल करा, कप्पा चार बोटं वर घ्या, पुन्हा आवळा. जीव वाढला की त्याचं घरही वाढवता येतं.

हा अँगल आपल्याकडे इतका रुळलाय की तो कुणाला तरी सुचला असेल, हे मनातही येत नाही. लंडनमध्ये छापखाना चालवणाऱ्या डिमिट्रियस कोमिनो यांना कामागणिक मांडण्या मोडून नव्या कराव्या लागत. पुन्हा पुन्हा जुळवता येईल अशी भोकं पाडलेली लोखंडी पट्टी त्यांनी त्यातूनच घडवली आणि १९४७ च्या सुमारास ती डेक्सियन या नावाने बाजारात आली. छापखान्यातली ती सोय आज माझ्या घरी सापाच्या कामी येते.

पुण्यात जुना अँगल हवा असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठावा. उठलेल्या दुकानांचे सांगाडे तिथे मिळतात. गंज किती खोल गेलाय ते नखाने खरवडून पाहावं. वरवरचा असेल तर पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइडने माल पुन्हा उभा राहतो. नवा घ्यायचा तर दुकानदार साधारण १४ गेजचा अँगल आणि २२ गेजचा पत्रा दाखवतात. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, हे ध्यानात ठेवावं. एका रॅकवाल्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "काय ठेवणार दादा? फायली?" काचेच्या पेट्या म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पत्र्याखाली मधोमध आडवी पट्टी टाकून घ्या. फाईल वाकते, काच तडकते."

त्यांचं म्हणणं हिशेबात बसतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी ५ मिलिमीटर काचेची पेटी रिकामीच २० किलोच्या आसपास भरते. त्यात भुसा, दगड, लाकडाचा ओंडका, पाण्याचं भांडं आलं. अशा चार पेट्या एकावर एक चढल्या की रॅक मागे भिंतीला बांधावाच लागतो. पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून कानस फिरवावी आणि बोल्टची गोल बाजू आत ठेवावी, म्हणजे पेटी सरकवताना हात सोलत नाहीत. खर्च वाचवायचा तर तो रंगात, जुन्या मालात, स्वतःच्या मेहनतीत वाचवावा. मजबुतीत वाचवू नये.

आमच्या जुन्या घरातल्या मांडणीवर जड पातेली खाली आणि हलकी भांडी वर असत. इथे वजनाच्या जोडीला उबेचाही विचार करावा लागतो. गरम हवा वर चढते, त्यामुळे एकाच खोलीत रॅकचा माथा आणि तळ यांचं हवामान वेगळं असतं. साप आणि सरडे अंगात ऊब तयार करत नाहीत. ती बाहेरून घेतात आणि पुरे झाली की गारव्याला जातात. म्हणून ऊन शेकणारा ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन वर, थोडा गारवा मानवणारा अमेरिकेचा कॉर्न स्नेक खाली, आणि मधे पश्चिम आफ्रिकेचा बॉल पायथन. त्याला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश लागतात आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास. खालच्या पेटीवरचा दिवा वरच्या पेटीचा तळ तापवतो, म्हणून दोन कप्प्यांमध्ये वीतभर हवा खेळती हवी. पुण्याची थंडी जानेवारीच्या रात्री १० अंशांखाली उतरते आणि एप्रिलची दुपार ४० ला टेकते. ऊब विजेने द्यायची तर तपकीर गल्लीतून आणलेली वायर आणि स्विच चालतील, पण पेटीखालच्या गरम मॅटला थर्मोस्टॅट हवाच. बेताबाहेर तापलेल्या मॅटवर साप पडून राहतो आणि पोट भाजून घेतो.

श्रावण सरत आला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव रंगतो. मला तो नाद जिवापाड प्रिय आहे. पण सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतला, हवेतला कंप त्याच्या कवटीत उतरतो. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बॉल पायथनवरच हे तपासलं, तेव्हा ८० ते १६० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत तो सर्वांत तल्लख निघाला. ढोलाचा घुमारा त्याच प्रदेशातला. मिरवणूक गल्लीत शिरली की पायथनची जीभ थांबते, मान आखडते आणि अंगाचा घट्ट गोळा होतो. लोखंड तो कंप पायापासून माथ्यापर्यंत जसाच्या तसा पोचवतं. पायांना जाड रबराचे बूट आणि पेटीखाली रबरी चटई घातली, रॅक वॉशिंग मशीनच्या भिंतीपासून हलवला, की बराच फरक पडतो.

रॅकवर कोणाला ठेवायचं, हा प्रश्न मात्र रॅकच्या आधीचा. नाग, धामण, अजगर, घोरपड, स्टार कासव यांना घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. त्यांचं घर सिंहगडाच्या उतारावर आहे, बांधावर आहे, माळावर आहे. परदेशी जातींपैकी बॉल पायथनसारख्या ज्या साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारात येतात, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. या शहराला सापांकडे भीती सोडून पाहायची सवय आहे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये इथेच ७२ सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. पाळणाऱ्याने त्या उद्यानाचं ऋण मानावं आणि देशी सापाला हात न लावून ते फेडावं.

आता मापाचं. तयार रॅक बहुधा तीन फुटी मिळतो. बॉल पायथनची मादी सहज चार फुटांपलीकडे जाते. स्वस्त रॅकच्या मोहात साप तीन फुटांत कोंबला जातो आणि साप गुंडाळूनच बसतो, असं समर्थनही तयार असतं. गुंडाळून तो विसावतो किंवा घाबरून आक्रसतो. रात्री दिवे मालवल्यावर तोच काचेच्या कडेने लांबच्या लांब पसरून सरकत जातो. त्याला सरळ होता यावं एवढी पेटी त्याचा हक्क आहे. म्हणून अँगल तयार मापात न घेता कापून घ्यावा. चार कप्प्यांऐवजी तीन बसतील. बसू द्यावेत.

अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीपलीकडे होतं. घरातले पायथनही वीस-तीस वर्षं सहज जगतात. रॅकवर रिकामा कप्पा दिसला की नवी पेटी आणावीशी वाटते, कारण लोखंड स्वस्त असतं. पण त्या कप्प्याची खरी किंमत पुढची तीस वर्षं रोज बदलायचं पाणी, दर आठवड्याची धुलाई आणि आपल्यामागे ते कोण करणार याचं उत्तर, ही आहे. तेवढं द्यायची तयारी असेल तरच पाना हातात घ्यावा. नसेल तर त्या कप्प्यात पुस्तकं ठेवावीत.