मॅलमच्या चुनखडीच्या डोंगरांतून

आम्हां सह्याद्रीच्या आश्रयानें वाढलेल्या माणसांना डोंगर म्हटला कीं काळा पाषाणच डोळ्यांपुढें येतो. त्या कातळावर पडलेलें पाणी धबधब्यांच्या रूपानें कोसळतें, ओढ्यांना मिळतें आणि डोळ्यांदेखत आपली वाट धरतें. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत मॅलम नांवाचें एक लहानसें खेडें आहे. त्याच्या भोंवतालचा डोंगर मात्र अगदीं उलट स्वभावाचा. तो पांढुरका, आणि आलेलें पाणी पाहतां पाहतां गिळून टाकणारा! हा मुलूख १९५४ सालीं स्थापन झालेल्या यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. खेड्यापासून निघून डोंगरास वळसा घालून पुन्हां खेड्यांत आणणारी सुमारें ८ मैलांची पायवाट आहे. चालण्याची थोडी सवय असलेल्या कोणाही स्त्रीपुरुषास ती झेपावी.

मे महिन्यांतील एका सकाळीं आम्ही निघालों. पहिला मैल ओढ्याच्या कांठानें जातो. झाडींत रानलसणीचा पांढरा फुलोरा आला होता आणि त्याच्या वासानें कोणाच्याही माजघराची आठवण व्हावी! पुढें जॅनेट्स फॉस हा चिमुकला धबधबा लागतो. त्याच्यामागील गुहेंत पऱ्यांची राणी राहते अशी इकडील समजूत. आमचें लक्ष मात्र त्या पडद्यासारख्या खडकाकडे लागलें. हा खडक पाण्यानें झिजलेला नसून पाण्यानेंच रचलेला आहे. डोंगरांतून विरघळवून आणलेला चुना तें येथें थरावर थर बसवीत आलें आहे. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बवायु घेऊन किंचित् आम्ल होतें आणि चुनखडी विरघळवितें, एवढेंच यांतलें रहस्य. ज्या चुन्यावांचून आपला विडा रंगत नाहीं, तो येथें तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं उष्ण, उथळ समुद्राच्या तळाशीं जीवजंतूंच्या कवचांपासून सांचला.

गॉर्डेल स्कार ही घळ पाहून आमच्या मंडळींची बडबड आपोआप थांबली. दोन्ही बाजूंस शंभर मीटरांपर्यंत चढलेले कडे, वर जवळ जवळ येणारे, आणि मधोमध दोन टप्प्यांनीं उतरणारा ओहोळ. जेम्स वॉर्ड नामक चित्रकारानें १८१२ ते १८१४ च्या दरम्यान या घळीचें जें चित्र रंगविलें, तें सुमारें ११ फूट उंच व १४ फूट रुंद आहे. घळींत उभें राहिलें म्हणजे तेंही लहानच वाटतें.

पायवाट येथून धबधब्याच्या कडेनें खडकावर चढून जाते. रात्रीं पाऊस पडून गेला होता, पाणी फुगलें होतें आणि पाय ठेवण्याच्या जागा ओल्याचिंब होत्या. आमच्याबरोबरचा पुतण्या उतावीळ झाला. "काका, अवघ्या चार-पांच हातांचा तर प्रश्न आहे. तुम्ही माझ्यामागून या." मंडळींत साठी उलटलेल्या दोघी होत्या. त्यांना खालीं ठेवून वर जाणें आम्हांस प्रशस्त वाटेना, आणि वर नेणें तर त्याहूनही नाहीं. निसरड्या खडकावर चढणें एक वेळ साधतें. मध्यें धीर सुटला तर परतणें साधत नाहीं. आम्ही पुलापर्यंत मागें आलों आणि दुसरी वाट धरून माळावर चढलों. पुतण्या अर्धा तास घुश्श्यांत होता. पुढें शिदोरी सुटली तेव्हां तो निवळला.

माथ्यावर मॅलम टार्न हें सरोवर आहे. चुनखडीच्या प्रदेशांत पाणी सांठून राहावें हेंच नवल. पण त्याच्या तळाशीं पाणी न झिरपणारा स्लेटीचा जुना खडक आहे. सरोवरांतून निघालेला ओढा मात्र थोड्या अंतरावर चुनखडीवर येतांच धोंड्यांमध्यें शिरतो आणि नाहींसा होतो. खळखळाट नाहीं, भोंवरा नाहीं; नुसतें ओलें वाळवंट. त्यापुढील वॉटलोज ही दरी सबंध कोरडी आहे. हिमयुग सरतांना जमीन गोठलेली असल्यामुळें पाणी आंत मुरेना. वितळणाऱ्या बर्फाच्या त्या लोंढ्यांनीं ती कोरली असें भूस्तरवेत्ते सांगतात.

दरी संपते तेथें जें दृश्य दिसतें त्यासाठीं एवढें चालावें. एखाद्या भग्न राजवाड्याच्या फरसबंदीप्रमाणें सपाट पांढुरक्या शिळा आणि त्यांच्यामधून खोल फटी. इकडील लोक शिळांना क्लिंट व फटींना ग्राइक म्हणतात. आम्ही ओणवे होऊन फटींत डोकावलों, तों आंत निराळेंच जग! लांब जिभेसारख्या पानांचे नेचे, छायेंत वाढणाऱ्या वनस्पति, क्वचित् एखादें खुरटलेलें अ‍ॅशचें झाड. उघड्या माळावर यांपैकीं कांहीं नाहीं, कारण मेंढरांचें तोंड तेथें पोहोंचतें, फटींत पोहोंचत नाहीं. मध्ययुगांत फाउंटन्स मठाच्या साधूंचे मेंढ्यांचे कळप येथें चरत. प्रवासी ज्या हिरव्यागार उघड्या डोंगरांस निसर्गाचें शुद्ध रूप समजून वाखाणतात, तें बव्हंशीं कुऱ्हाडीचें व मेंढरांचें कर्तृत्व आहे. मूळची वनश्री या फटींत लपून राहिली आहे. तीही निर्धास्त नाहीं. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें आढळलेला बुरशीचा रोग या मुलखांतील अ‍ॅशवृक्षांस ग्रासूं लागला आहे. शिळांवरही निराळें संकट येऊन गेलें: बागांची शोभा वाढविण्यासाठीं लोकांनीं ठिकठिकाणच्या अशा शिळा उखडून विकल्या. १९८१ च्या कायद्यानें त्यांना संरक्षण मिळण्याची सोय झाली. पण जी फरसबंदी उखडली गेली ती पुन्हां व्हावयास हजारों वर्षें लागतील.

फरसबंदीच्या कडेपासून खालीं सुमारें चारशें पायऱ्या उतरतात. पायथ्याशीं येऊन मागें वळलें म्हणजे मॅलम कोव्ह हा ८० मीटर उंचीचा, कमानीसारखा वळलेला कडा समोर येतो. एके काळीं यावरून प्रचंड धबधबा पडत असे. अलीकडे ६ डिसेंबर १९१५ नव्हे, २०१५ रोजीं, मोठ्या वादळी पावसांत, हयात माणसांच्या आठवणींत प्रथमच तो कांहीं काळ पुन्हां वाहिला. एरवीं कडा कोरडा, आणि त्याच्या तळांतून मात्र एक स्वच्छ ओढा मुकाट्यानें बाहेर येतो.

वर गुप्त झालेला ओढा तो हाच, अशी आमच्या मंडळींची खात्री झाली होती. पूर्वीं येथील लोकांचीही तीच समजूत होती. पाण्यांत रंग मिसळून केलेल्या परीक्षांनीं ती खोटी ठरली. कड्याखालून निघणारें पाणी दुसरीकडे मुरलेलें असतें. सरोवराचें पाणी मुख्यतः त्याला डोंगराच्या पोटांतच ओलांडून, खेड्याच्याही दक्षिणेस एअर हेड येथील झऱ्यांतून वर येतें. घरीं परतण्याची घाई असतांही आम्ही तेथवर गेलों. कुरणांत एका सखल जागीं पाणी उकळ्या फुटल्याप्रमाणें वर येत होतें. दोघी वडील बायांनीं त्यांत हात बुडविले. पाणी अतिशय थंड होतें.