आईचे डबे

आईच्या स्वयंपाकघरात भाजणीच्या डब्यामागे मला अकरा हिरवे डबे सापडले. पुढच्या बाजूला मराठीत मोठं लिहिलेलं : शंभरी निरोगी. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत : नॉट फॉर मेडिसिनल यूज. आई ७३ वर्षांची. तिला ती ओळ भिंग लावूनही वाचता आली नसती.

बाबा गेल्यावर ती तळजाईवर फिरायला जाऊ लागली आणि तिथे तिला ‘परिवार’ भेटला. हे डबे विकणाऱ्या कंपनीची माणसं स्वतःला तेच म्हणवतात. रोज पहाटे सहाला फोन, "काकू, निघालात का?" वाढदिवसाला घरी येऊन पाया पडणं. मी बाणेरहून फक्त रविवारी सहकारनगरला जायचे. तिच्या एकटेपणाकडे त्यांचं लक्ष माझ्याआधी गेलं, हे मला मान्य करावंच लागतं.

एकदा मी तिच्याबरोबर ‘परिवारा’च्या मीटिंगला गेले. टिळक रस्त्यावरचं सभागृह गच्च भरलेलं, बहुतेक सगळ्या आईच्याच वयाच्या. एकेक जण स्टेजवर जाऊन ‘रिझल्ट’ सांगत होती. एकीची साखर गेली, एकीची बीपीची गोळी सुटली. मग आई उठली. गुडघे दुखायचे थांबले म्हणाली, आणि टाळ्यांनी तिचा चेहरा असा उजळला की मी गप्प बसले. गुडघे खरंच बरे होते. रोज तासभर चालत होती ना ती!

बीपीची गोळी तिने कधी बंद केली, मला कळलं नाही. चक्कर यायला लागली तेव्हा ‘परिवारा’तल्या तिच्या वरच्या बाईंनी सांगितलं, "अंगातली घाण बाहेर पडतेय, डबा सोडू नका." दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी २००/११० होतं.

त्या रात्री मी कायदा वाचत बसले. १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. मधुमेह, रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातीला त्यात मनाई आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही येते. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा हाच कायदा पुढे आला होता. २०२४च्या एप्रिलमध्ये पतंजलीला वर्तमानपत्रांतून माफी छापावी लागली. पण छापील जाहिरात दाखवता तरी येते. इथे डब्यांच्या कंपनीने रोग बरा करण्याचं काहीच छापलं नव्हतं. जे बोलायचं ते आमच्या आयांच्या तोंडून बोलवलं होतं.

मी तक्रारीचा कागद काढला तर आईने माझा हात धरला. "आधी मला फोन करू दे. माझ्या शब्दावर चौघींनी डबे घेतलेत."

तिच्या वहीत, ‘सकाळी १ चमचा, कोमट पाणी’च्या खाली चार नावं होती. दुपारी पलंगावर बसून तिने एकेकीला फोन लावला. पहिली रागावली. दुसरीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तिसरीने उचलला नाही. चौथी बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अहो, मग माझी साखरेची गोळी मी आजपासून परत घेऊ का?"